नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

कंपनीचा अनिवार्य ट्रेनिंग व्हिडिओ कसा 'बघायचा', हे आयटीत कुणालाच शिकवावं लागत नाही. एका टॅबमध्ये व्हिडिओ म्यूट करून सोडायचा, दुसऱ्या टॅबमध्ये काम करत राहायचं. दर दोन-तीन मिनिटांनी तो थांबतो आणि 'नेक्स्ट' दाबायला सांगतो. तेवढ्यापुरतं जायचं, दाबायचं, परत यायचं. टॅब बदलला की थांबणारे हुशार व्हिडिओही असतात. त्यांच्यासाठी दुसरा मॉनिटर असतो. शेवटी दहा प्रश्नांची क्विझ. नापास झालात तर पुन्हा द्या, हवी तितक्यांदा द्या, प्रश्न तेच. शिवाय टीमच्या ग्रुपवर उत्तरांचा स्क्रीनशॉट कुणीतरी टाकलेला असतोच. मग सर्टिफिकेट येतं आणि मॅनेजरच्या एक्सेल शीटमध्ये तुमच्या नावापुढचा लाल चौकोन हिरवा होतो.

गंमत अशी, की हे सगळ्यांना माहीत असतं. कर्मचाऱ्याला माहीत असतं. मॅनेजरला माहीत असतं, कारण त्यानेही तेच केलेलं असतं. आणि ज्यांनी तो कोर्स लावला, त्या लर्निंग ॲण्ड डेव्हलपमेंटवाल्यांनाही माहीत असतं. माहीत नसतं ते फक्त डॅशबोर्डला.

माझं म्हणणं सरळ आहे. बहुतेक कंपन्यांमधलं एल ॲण्ड डी हे शिकण्याचं खातं राहिलेलं नाही, ते शिकल्याची पावती फाडणारं खातं झालं आहे. नवीन ॲप आणून, बॅज वाटून किंवा लीडरबोर्ड लावून हे सुधारणार नाही. त्या खात्यातल्या लोकांना खुर्ची सोडून, जिथे माणसं खरंच शिकतात तिथे यावं लागेल.

सबमिशनची सवय

ही पावती आपल्याला विचित्र वाटत नाही, कारण आपल्यातल्या बहुतेकांनी इंजिनिअरिंग केलंय. तिथे काय चालतं? सिनिअरच्या फाइलवरून प्रयोग उतरवून काढायचे, आउटपुटच्या प्रिंट चिकटवायच्या, ड्रॉइंगच्या शीटला काचेखाली दिवा लावून 'जीटी मारायची', आणि सबमिशनच्या आठवड्यात सरांच्या केबिनबाहेर सह्यांसाठी रांगेत उभं राहायचं. प्रयोग झाला का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. फाइल पूर्ण आहे का, एवढाच प्रश्न असतो. कंपनीने हीच फाइल ऑनलाइन केली आहे.

पण सगळा दोष कॉलेजच्या माथी मारून चालणार नाही. कंपनीत या पावतीला गिऱ्हाईक आहे. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ या वर्षापासून 'बीआरएसआर' नावाचा अहवाल द्यावा लागतो. त्यात आरोग्य-सुरक्षेचं आणि कौशल्यवाढीचं प्रशिक्षण किती कर्मचाऱ्यांना दिलं, याची संख्या आणि टक्केवारी भरायची असते. हे मागण्यात काही गैर नाही. कंपनी आपल्या माणसांवर खर्च करते की नाही, हे बाहेरच्यांना कळायलाच हवं. पण त्या रकान्यात 'दिलं' एवढंच मोजलं जातं. मिळालं का, ते मोजायला रकाना नाही. मग वरून टक्केवारी मागितली, की खालून टक्केवारी तयार होते.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना जे सांगितलं, त्याचा मथितार्थ आता सगळीकडे लागू होतो: एखादं मोजमाप हेच उद्दिष्ट झालं, की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. 'कम्प्लिशन रेट' हे त्याचं शुद्ध उदाहरण आहे. शंभर टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला, याचा अर्थ शंभर टक्के लोकांना 'नेक्स्ट' दाबता येतं.

आणि एल ॲण्ड डीच्या व्यवसायाला हे ठाऊक नाही असंही नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. लोकांना ते आवडलं का, लोक काही शिकले का, कामावर त्यांचं वागणं बदललं का, आणि त्यातून कामाला काही फायदा झाला का. या क्षेत्रातल्या प्रत्येकाला या चार पायऱ्या पाठ असतात. तरी आपल्या हातात येणारा फीडबॅक फॉर्म पहिल्याच पायरीवर बसकण मारून असतो. ट्रेनर कसा वाटला? हॉल कसा होता? एक ते पाचमध्ये मार्क द्या. तीन महिन्यांनी तुमच्या टेबलापाशी येऊन 'त्या ट्रेनिंगमधलं काही वापरलंस का रे?' असं विचारणारा माणूस तुम्हाला कधी भेटलाय?

तीन महिन्यांची मुदत

यावर कुणी म्हणेल, एवढं काय मनावर घ्यायचं? पासवर्ड कसा ठेवावा याचा व्हिडिओ बघितला काय, न बघितला काय. ठीक आहे. मग ज्या ट्रेनिंगचं थेट देणंघेणं माणसाच्या आयुष्याशी आहे, ते घेऊ.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे कर्मचाऱ्यांमध्ये जागृती व्हावी म्हणून ठरावीक काळाने कार्यशाळा आणि कार्यक्रम घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. याच कायद्याप्रमाणे तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी, अंतर्गत समितीकडे करायची असते. सबळ कारण असेल तर समिती ती मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री असावी लागते, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा असावा लागतो.

आता उद्या ऑफिसात आजूबाजूच्या पाचजणांना विचारून बघा: आपल्या समितीत कोण आहे? तक्रार किती दिवसांत करायची? या पाचही जणांच्या नावापुढे हिरवा चौकोन आहे, हे लक्षात ठेवून विचारा.

कारण व्हिडिओत काय असतं? एक कार्टून बॉस असतो. तो एका कार्टून मुलीच्या खांद्यावर हात ठेवतो. प्रश्न येतो: हे वागणं योग्य आहे का? याचं उत्तर आठवीतलं पोरही देईल. पण जी मुलगी एका छोट्या कंपनीच्या पगारावर आहे, रोज बसते क्लायंटच्या ऑफिसात आणि तिला त्रास देणारा माणूस क्लायंटचा आहे, तिने कोणाच्या दारात जायचं? कुणाला ईमेल करायचा? कायदा कंत्राटी कामगारालाही कर्मचारीच मानतो, हे तिला कुणी सांगितलंय का? तिला हवी असलेली माहिती एका पानात मावते. तिच्या वाट्याला मात्र चाळीस मिनिटांचं कार्टून येतं. ती गोंधळून दोन-चार महिने गप्प बसते, मुदत निघून जाते आणि डॅशबोर्डवर सगळं हिरवं असतं. त्या हिरव्या रंगाचा उपयोग कंपनीला होतो. 'आम्ही ट्रेनिंग दिलं होतं' हे दाखवायला पुरावा असतो. ज्या माणसासाठी कायदा झाला, त्या माणसाच्या हातात काही राहत नाही.

म्हणून मी याला निरुपद्रवी कंटाळा मानत नाही. शिकवल्याचं नाटक हे न शिकवण्यापेक्षा वाईट आहे, कारण न शिकवलेलं निदान दिसतं तरी.

परवचा म्हणा

दुसरा आक्षेप नेहमीचा: 'आम्ही सगळं देतो हो, एम्प्लॉयीजनाच शिकायचं नसतं.' म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण घडा पालथा का आहे, हे पाणी ओतणाऱ्याने कधी पाहिलंय?

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून, त्या किती वेगाने विसरल्या जातात हे मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग हळूहळू. त्यानंतर २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. एका गटाने एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून, मग न बघता आठवून लिहिण्याचा पुन्हा पुन्हा सराव केला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली, तेव्हा चित्र उलटं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. वर मजा म्हणजे, आपल्याला चांगलं लक्षात राहील याची जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती.

आता आपली क्विझ कधी असते? व्हिडिओ संपल्यावर पाच मिनिटांनी. म्हणजे न शिकलेला माणूसही शिकल्यासारखा दिसतो, नेमक्या त्या क्षणी आपण फोटो काढतो आणि तो फोटो वर पाठवतो.

आपल्या आज्या-पणज्यांना हे कुठल्या जर्नलमध्ये वाचावं लागलं नव्हतं. तिन्हीसांजेला दिवा लागला, की मुलांना परवचा म्हणायला बसवत. पाढे, पावकी, निमकी. पुस्तक मिटून, रोज, मोठ्याने. चुकलं की कुणीतरी स्वयंपाकघरातूनच दुरुस्त करायचं. त्याला आपण घोकंपट्टी म्हणून हसतो, आणि समजून न घेता नुसतं घोकणं हसण्यासारखंच आहे. पण रोज थोडं, न बघता आठवणं आणि चुकल्यावर लगेच कळणं, ही त्यातली पद्धत पक्की होती. लाखो रुपयांच्या एलएमएसला जे जमत नाही ते त्या ओसरीवर जमत होतं.

याउलट ट्रेनिंगच्या स्लाइड्समध्ये अजून काय फिरतं? माणूस वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के लक्षात ठेवतो असा त्रिकोण. एडगर डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू मांडला होता, त्यात हे आकडे नव्हतेच; ते मागाहून कुणीतरी चिकटवले. किंवा 'तुम्ही व्हिज्युअल लर्नर आहात की ऑडिटरी?' अशी चाचणी. प्रत्येकाच्या शैलीप्रमाणे शिकवलं की तो जास्त शिकतो, या दाव्याला पुरेसा पुरावा नाही, असं पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच सगळं संशोधन चाळून सांगितलं. दुसऱ्यांना 'अपडेट राहा' म्हणणाऱ्या खात्याने स्वतःच्या विषयात इतकं जुनं राहावं?

शिकणं टपरीवर होतं

मग माणूस कामावर शिकतो कुठे? यावर एक सुंदर अभ्यास आहे. ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर हिंडला. त्यावरचं त्याचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. कंपनीने तंत्रज्ञांना जाडजूड मॅन्युअल दिलं होतं: हा एरर आला तर हे करा, तो आला तर ते करा. पण यंत्रं मॅन्युअलप्रमाणे बिघडत नव्हती. तंत्रज्ञ खरं ज्ञान मिळवत ते नाश्त्याच्या टेबलावर, कॉफी पिताना, एकमेकांना बिघाडाच्या गोष्टी सांगून. 'परवा एक मशीन असं करत होतं, मग मी तसं केलं.' कंपनीच्या हिशेबात हा वाया गेलेला वेळ होता. ऑरने दाखवलं, की काम चालत होतं ते या गप्पांवर. पुढे झेरॉक्सच्याच संशोधन केंद्राने यातून 'युरेका' नावाची प्रणाली उभी केली: तंत्रज्ञांनीच लिहिलेल्या युक्त्या, दुसऱ्या तंत्रज्ञांनी तपासलेल्या, लिहिणाऱ्याच्या नावासकट.

हे वाचलं की हिंजवडीतली चहाची टपरी आठवते. कुठली सर्व्हिस आधी रिस्टार्ट करायची, कुठल्या टेबलला हात लावायचा नाही, डॉक्युमेंटमध्ये लिहिलंय ते दोन वर्षांपूर्वीचं आहे, क्लायंटकडचा कोणता माणूस 'अर्जंट' म्हणाला तर खरंच अर्जंट असतं, हे सगळं कटिंगबरोबर कळतं. तेही मराठीत, हिंदीत, शिव्या घालत, हसत. ज्या पोराचं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय आणि जो इंग्रजी कॉलवर वीसजणांसमोर 'मला कळलं नाही' म्हणायला कचरतो, तो टपरीवर बिनधास्त विचारतो.

पण टपरीचं गुणगान इथेच थांबवायला हवं, कारण टपरीवर सगळे नसतात. ज्या मुलीला साडेसहाची बस पकडायची असते ती नसते. नागपुरातून किंवा साताऱ्यातून घरी बसून काम करणारा नसतो. कंत्राटावर घेतलेला, 'तो आपल्या टीमचा नाही' असा माणूस नसतो. सिगारेट न ओढणारे अर्ध्या गप्पांना मुकतात. म्हणजे खरं ज्ञान ज्या वाटेने वाहतं, त्या वाटेवर जायला काहींना परवानगीच नाही. अप्रेझलमध्ये मग यांनाच ऐकावं लागतं, की तुमच्यात 'ओनरशिप' कमी आहे. प्रोजेक्ट सुटला की बेंचवर पहिले हेच, आणि 'अपस्किल व्हा' हा सल्लाही यांनाच, शनिवार-रविवारी, स्वखर्चाने.

एल ॲण्ड डीची खरी जागा इथे आहे. टपरीच्या जागी व्हिडिओ आणणं हे त्यांचं काम नव्हे. जे टपरीपर्यंत पोचत नाहीत, त्यांच्यापर्यंत टपरी पोचवणं हे त्यांचं काम आहे.

मग करायचं काय?

पहिलं, कोर्स बनवण्याआधी दोन दिवस टीमसोबत बसा. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० मध्येच एक प्रश्न विचारायला सांगितला होता: जिवावर बेतलं तर हे काम या माणसाला करता येईल का? करता येत असेल, तर अडचण शिकण्याची नाही. मग परवानगी मिळत नाही, साधन नाही, वेळ नाही किंवा नीट काम केल्याबद्दल उलट शिक्षा होते. अशा ठिकाणी ट्रेनिंग लावणं म्हणजे पाय मोडलेल्याला चालण्याचे फायदे समजावणं. खूपदा कोर्सऐवजी एक पान पुरतं. ते एक पान लिहून द्यायची आणि 'इथे ट्रेनिंगची गरज नाही' असं मॅनेजरला सांगायची हिंमत या खात्यात हवी.

दुसरं, क्विझ शेवटी घेऊ नका. आठवड्याने एक प्रश्न चॅटवर पाठवा, महिन्याने आणखी एक. मार्क नकोत, मॅनेजरला कॉपी नको. चुकलं तर लगेच बरोबर उत्तर आणि कारण. हा आपला परवचा. यासाठी नवं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही.

तिसरं, बिघाडांच्या गोष्टी जपा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडाला. बॅकअपच्या ज्या पद्धतींवर भिस्त होती, त्या ऐन वेळी कामी आल्या नाहीत. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, आणि काय काय चुकलं ते सविस्तर लिहून जगापुढे ठेवलं. त्या इंजिनिअरचं नाव त्यात नाही. बॅकअप घेण्याइतकंच तो परत चालतो का हे तपासणं महत्त्वाचं, हा धडा त्या लेखातून जितका डोक्यात बसतो, तितका कुठल्याही मोड्यूलमधून बसत नाही. आपल्या कंपन्यांत मात्र अशी घटना घडली, की आधी 'कुणी केलं?' विचारलं जातं, मग ती ईमेलच्या कुठल्यातरी साखळीत पुरली जाते. एल ॲण्ड डीने ती उकरून, नावं काढून, माणसाला वाचवेल अशा भाषेत लिहायला टीमला मदत करावी. दर पंधरवड्याला एक गोष्ट, अर्धा तास, ऑफिसच्या वेळेत, घरून काम करणाऱ्यांसकट. इंग्रजीत अडणाऱ्याला मराठीत किंवा हिंदीत सांगायची मुभा द्यावी.

चौथं आणि सगळ्यात कठीण, वेळ मिळवून द्या. कंटेंट आज फुकट पडलाय. यूट्यूब आहे, डॉक्युमेंटेशन आहे, एआय आहे. नाही तो वेळ. इन्फोसिससारख्या कंपन्या म्हैसूरच्या कॅम्पसमध्ये फ्रेशर्सना अनेक आठवडे पूर्णवेळ शिकवतात. तिथे दिवसभराचं काम शिकणं हेच असतं. मग प्रोजेक्ट मिळतो आणि पुढची तीस वर्षं 'वेळ काढून शिका' असं सांगितलं जातं. कुठून काढायचा? स्प्रिंटमध्ये ज्या कामाचं तिकीट नाही, ते काम कंपनीच्या दृष्टीने नसतंच. तेव्हा शिकण्याचं तिकीट काढा, त्याला पॉइंट द्या, आणि डिलिव्हरी मॅनेजरने ते कापलं तर त्याच्याशी भांडा. कर्मचारी ही भांडणं करू शकत नाही, त्याचं अप्रेझल त्याच माणसाच्या हातात असतं. तुमचं नसतं.

मला ठाऊक आहे, या खात्यातली माणसंही पगारीच आहेत. हजारो कर्मचाऱ्यांमागे चार-पाचजण, वरून टक्केवारीचा तगादा आणि बजेट कापायची वेळ आली की पहिली कात्री त्यांच्यावर. ऑडिटसाठी कम्प्लिशनचा आकडा द्यावा लागतो, हेही मान्य. द्या तो ऑडिटला. पण त्याला शिकणं म्हणू नका, आणि टाउनहॉलमध्ये त्यावर टाळ्या घेऊ नका. त्याच स्लाइडवर दुसरा एक आकडा ठेवा: तीन महिन्यांनी, न सांगता विचारल्यावर, किती जणांना समितीतलं एक तरी नाव सांगता आलं?

पहिल्यांदा तो आकडा लाजिरवाणा निघेल. निघू दे. निदान तो खरा असेल, आणि पुढच्या तिमाहीत तो वाढवायचा तर कुणालातरी खरंच काहीतरी शिकवावं लागेल.